पॅकिंग निवडताना सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करा

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या, घरून डबे देणाऱ्या, लग्नाची किंवा मंडळाच्या महाप्रसादाची जबाबदारी घेतलेल्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो आहे: "प्लास्टिक सोडायचं ठरवलं, पण त्याच्या जागी नेमकं घ्यायचं काय?" बाजारात बगॅसचे डबे आहेत, सुपारीच्या ताटल्या आहेत, मक्याच्या पिशव्या आहेत, कागदी वाट्या आहेत. सगळ्यांवर हिरवं पान छापलेलं असतं, भाव दीडपट-दुप्पट असतो आणि विक्रेता छातीठोकपणे सांगतो, "मातीत टाका, विरघळून जातं."

दोन वर्षांपूर्वी घरच्या एका कार्यात मीही असे 'मक्यापासून बनवलेले' चमचे आणले होते. कार्य झाल्यावर ते ओल्या कचऱ्याबरोबर गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकले. दहा महिन्यांनी खत चाळायला घेतलं. केळीची सालं, भाज्यांची देठं, निर्माल्य, सगळ्याची काळी भुसभुशीत माती झाली होती. चाळणीवर मात्र ते चमचे जसेच्या तसे उरले होते, दांड्यावरचा 'कंपोस्टेबल' हा शब्दही पुसला गेला नव्हता. चमच्यांत काही खोट नव्हती. त्यांना कुजायला साधारण ५८ अंशांची टिकून राहणारी उष्णता लागते आणि घरचा ड्रम तितका तापत नाही, तापला तरी दोन-चार दिवसांत निवतो.

त्या दिवसापासून मी पॅकिंगचा विचार उलट्या बाजूने करते. वस्तू कशापासून बनली, हे नंतर बघते. ती माझ्या गावात वापरून झाल्यावर कुठे जाणार आहे, हे आधी बघते. तुम्हीही तसंच करावं, म्हणून हा लेख.

'वनस्पतीपासून' आणि 'खत होणारं' यांत गल्लत करू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन बनतं. ऊस खराच वनस्पती, पण त्याची पिशवी आपल्या नेहमीच्या पॉलिथिनइतकीच टिकते आणि कधीच कुजत नाही. उलट आपल्याकडे 'मक्याची पिशवी' म्हणून जी मऊसर, जरा चिकट वाटणारी पिशवी मिळते, तिच्यात स्टार्चबरोबर बहुतेकदा पीबॅट नावाचं पॉलिमर असतं. ते पेट्रोलियमपासून बनतं, तरीही योग्य परिस्थितीत कुजतं. म्हणजे एक वनस्पतीजन्य असून न कुजणारं, दुसरं बरंचसं खनिज तेलाचं असून कुजणारं. त्यामुळे वेष्टनावर 'प्लांट बेस्ड' एवढंच लिहिलं असेल, तर कचऱ्याच्या दृष्टीने तुम्हाला काहीच कळलेलं नाही असं समजा.

वेष्टनावर दिसणारे तीन शब्द असे वाचा:

- कंपोस्टेबल: भारतात यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यातली चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते. त्या उष्णतेत १८० दिवसांत वस्तूतल्या कार्बनपैकी ९० टक्क्यांचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो आणि १२ आठवड्यांत तिचे तुकडे बारीक चाळणीतून खाली जावे लागतात. ही कारखान्यातल्या कंपोस्टची परीक्षा आहे, परसातल्या खड्ड्याची नाही.
- बायोडिग्रेडेबल: किती दिवसांत आणि कुठे, मातीत, पाण्यात की कचरा डेपोत, हे सांगितल्याशिवाय या शब्दाला अर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार असं प्लास्टिक सूक्ष्म प्लास्टिक मागे न ठेवता विघटित झालं पाहिजे.
- ऑक्सो-डिग्रेडेबल: साध्या प्लास्टिकमध्ये रसायन घालून त्याचा लवकर भुगा होईल अशी केलेली ही सोय. भुगा झाला तरी प्लास्टिक उरतंच. हे घेऊच नका.

पहिली पायरी: तुमचा ओला कचरा जातो कुठे?

खरेदीच्या आधी घंटागाडीवरच्या कामगारांना, सोसायटीच्या सचिवांना किंवा ग्रामपंचायतीत हा प्रश्न विचारा. उत्तरं साधारण चार प्रकारची येतात.

ओला कचरा उघड्या ढिगात खत करायला जात असेल, तर पानाच्या, सुपारीच्या विरीच्या, अस्तर नसलेल्या बगॅसच्या वस्तू चालतील. फाडून, तुकडे करून टाकल्या तर काही महिन्यांत कुजतात. मक्याचे चमचे आणि पारदर्शक 'कंपोस्टेबल' ग्लास तिथे कुजण्याची खात्री नाही.

कचरा बायोगॅस प्रकल्पात जात असेल, तर उष्टं अन्न तिथे सोनं आहे, पण प्लेट आणि पिशवी अडचण आहे. बंद टाकीत या वस्तू ठरलेल्या दिवसांत विरत नाहीत, पंपात आणि ढवळणीत अडकतात, म्हणून प्रकल्पावर त्या हाताने वेचून बाजूला काढतात. अशा गावात कितीही महागडा कंपोस्टेबल डबा घेतला, तरी तो शेवटी डेपोतच पोचतो.

सगळं एकत्र डेपोत जात असेल, तर सावध राहा. ढिगाखाली हवा नसते. तिथे पान काय किंवा कागद काय, कुजताना मिथेन वायू सोडतो, आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा किमान सत्तावीस-अठ्ठावीस पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतो. मुंबईच्या देवनारला किंवा पुण्याच्या उरुळी देवाची-फुरसुंगीला राहणाऱ्यांना हा ढीग म्हणजे काय, हे सांगायला नको. अशा ठिकाणी एकदाच वापरून फेकायची वस्तू कोणत्याही जिन्नसाची असो, ती कमी करणं हाच खरा उपाय आहे.

आणि कचरा तुमच्याच शेतात, परसात, बागेत जिरणार असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. पत्रावळ आणि केळीचं पान यांच्या पलीकडे बघायची गरजच नाही.

एक गोष्ट भंगाराबद्दल. मक्याच्या पॉलिमरचा पारदर्शक ग्लास आणि पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक डोळ्यांनी ओळखू येत नाही. तो ग्लास सुक्या कचऱ्यात गेला, तर पुनर्वापराच्या मालात मिसळून तो माल खराब करतो. कचरा वेचणाऱ्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत, वर निवडायचं काम वाढतं.

दुसरी पायरी: वस्तूगणिक बरं-वाईट

केळीचं पान आणि पत्रावळ. पळस, वड, मोह यांच्या पानांची काडीने टाचलेली पत्रावळ अजूनही सर्वांत निर्धोक आहे. जळगाव-रावेरकडे केळीचं पान स्वस्त मिळतं. शहरात दूरवरून आलेलं पान दोन दिवसांत पिवळं पडतं, कडा फाटतात. पार्सलसाठी पान एकटं पुरत नाही, पण डब्यात तळाशी अस्तर म्हणून आणि पोळ्या, थालीपीठ, पुरणपोळी गुंडाळायला उत्तम. फुलवाले पानात पुडी बांधून वर दोरा गुंडाळतात, ती पद्धत कोरड्या खाऊलाही लागू पडते. फक्त यंत्रावर दाबलेली, गुळगुळीत, चकचकीत पत्रावळ घेताना थांबा. त्यात पान आणि पुठ्ठा यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असू शकतो.

सुपारीची विरी. कोकणात आणि गोव्यात पोफळीच्या झाडावरून आपोआप गळून पडलेली विरी गोळा करतात, भिजवतात, घासून धुतात आणि तापलेल्या साच्यात दाबतात. सिंधुदुर्गातल्या एका गोठ्यालगतच्या खोपटात मी हे काम पाहिलं आहे. साचा उघडला की भाजलेल्या लाकडासारखा वास येतो, ताटली हातात गरमच असते, आणि कापलेल्या कडांचे तुकडे सरळ शेणखताच्या खड्ड्यात जातात. गोंद नाही, अस्तर नाही. या वस्तूवर माझा जीव आहे, तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या ताटल्यांवर बुरशी धरते. आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुपारीच्या पानाची भांडी तिथे जेवणासाठी मान्य नसल्याचं जाहीर केलं, कारण सुपारीतले अल्कलॉइड अन्नात उतरू शकतात. तिकडच्या मंडळांच्या गणेशोत्सवासाठी इथून ताटल्या पाठवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. इथे वापरताना कोरड्या किंवा जरा ओलसर पदार्थांपुरत्या ठेवा. गरम रस्सा, ताक, लिंबाचं सरबत त्यात तासन्‌तास ठेवू नका.

बगॅस. गुऱ्हाळावर ज्याला आपण चिपाडं म्हणतो, त्याच्या लगद्याचे हे डबे. गरम भाजी सोसतात, दिसायला स्वच्छ असतात, एकावर एक रचता येतात. पार्सलसाठी आज हाच सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे, असं माझं मत आहे. मात्र बगॅस फुकटचा कचरा नाही. साखर कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून स्वतःची वाफ आणि वीज काढतात, उरलेली वीज विकतात. तो प्लेटसाठी विकून कारखान्याने दगडी कोळसा जाळला, तर पर्यावरणाचा फायदा तिथेच संपतो. दुसरी बाब तेलाची. नुसत्या लगद्यातून तेल झिरपतं, म्हणून काही उत्पादक पीएफएएस गटातली रसायनं मिसळतात. ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाहीत. डेन्मार्कने कागदी अन्नवेष्टनांतून ती २०२० मध्ये हद्दपार केली. अमेरिकेत तेलरोधक म्हणून त्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. पुरवठादाराकडून 'पीएफएएस नाही' हे प्रयोगशाळेच्या अहवालासह लेखी घ्या. अहवाल नसेल तर झणझणीत तर्रीसाठी तो डबा वापरू नका.

कागदी कप आणि वाट्या. पाणी धरून ठेवणारा कागद म्हणजे आत अस्तर आहे, हे गृहीतच धरा. बहुतेकदा ते पॉलिथिनचं असतं. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटं राहिलं, तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. दिवसाला तीन कप चहा असा घेणाऱ्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा. चहाच्या टपरीला काचेचा ग्लास शोभतो, आणि परवडतोही.

मक्याचे चमचे, पारदर्शक ग्लास. हे पीएलए नावाच्या पॉलिमरचे असतात. साधारण ५५ ते ६० अंशांना ते मऊ पडतात, म्हणजे गरम चहाला निकामी. आपल्याकडे याचं उत्पादन वाढतं आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. कारखानदारी वाढली म्हणून तुमच्या गावात तो चमचा कुजेल असं मात्र नाही. तापमान राखणारं कंपोस्ट केंद्र जवळ नसेल, तर हे टाळा. लाकडी चमचा चालेल, हाताने जेवता येत असेल तर आणखी उत्तम.

कापडी पिशवी. इथे बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होतो. कापसाला पाणी, खत, फवारणी, सूतगिरणी असं सगळं लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ च्या अहवालात मांडलं, की एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा परिणाम कमी व्हायचा, तर कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कागदी ३ वेळा. ते आकडे त्या देशाचे आहेत, आपल्याकडे नाल्यात अडकणाऱ्या आणि गाई खाणाऱ्या पिशव्यांचा हिशेब त्यात नाही. तरीही बोध सरळ आहे: दुकानाचं नाव छापलेल्या नव्या कोऱ्या कापडी पिशव्या फुकट वाटू नका. जुन्या साडीची, चादरीची पिशवी शिवून घ्या, तिचा कापूस आधीच पिकून गेलेला आहे.

तिसरी पायरी: वहीत हिशेब मांडा

एका नगाचा भाव बघून निर्णय घेतलात तर फसाल. समजा तुमची रोज १०० पार्सलं जातात. साधा डबा ४ रुपयांना पडतो आणि झाकणासह बगॅसचा ८ रुपयांना. फरक ४ रुपयांचा. महिन्याचे २६ दिवस धरले, तर १०,४०० रुपये. एवढा नफा किती केंद्रांना सुटतो? म्हणूनच अनेक जण दोन महिन्यांत पुन्हा जुन्या डब्यावर येतात.

आता त्या १०० पैकी ६० गिऱ्हाइकं रोजची आहेत असं धरा. त्यांच्यासाठी प्रत्येकी दोन स्टीलचे डबे, म्हणजे १२० डबे. २५० रुपयांप्रमाणे ३०,००० रुपये. गिऱ्हाइकाकडून ३०० रुपये अनामत घेतलीत, तर १८,००० तिथेच उभे राहतात. डबा ३०० वेळा फिरला, तर दर फेरीला ८३ पैसे. धुण्याचे दोन-अडीच रुपये धरले, तरी साध्या डब्यापेक्षा कमीच पडतं. उरलेल्या ४० फिरत्या गिऱ्हाइकांना बगॅस द्या आणि पॅकिंगचे पैसे बिलात वेगळे दाखवा. स्वतःचा डबा आणणाऱ्याला तेवढे कमी करा. भाव माझे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून हीच बेरीज करा.

हिशेबात हे खर्च हटकून विसरले जातात:

- गळती झालेली पार्सलं आणि परत केलेले पैसे
- पावसाळ्यात दमट होऊन वाया गेलेला साठा
- मक्याच्या पिशव्यांचं आयुष्य. साधारण वर्षभरात, उन्हात ठेवल्या तर त्याआधीच, त्या ठिसूळ होतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त माल भरू नका.
- हरवणारे स्टीलचे डबे

पंगतीचा हिशेब वेगळा. ५०० पानांसाठी ताट-वाट्या भाड्याने घेतल्या, तर धुणावळ आणि पाणी लागतं. नदीकाठच्या, नळ असलेल्या गावात स्टीलच बरं. पण एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या मराठवाड्यातल्या गावात एका लग्नासाठी हजारो लिटर पाणी भांड्यांवर ओतणं मला पटत नाही. तिथे पत्रावळ-द्रोण वापरा, पाण्याला स्टीलचे ग्लास तेवढे ठेवा, आणि उष्ट्या पत्रावळींसाठी खड्डा आदल्या दिवशीच खणून घ्या. ऐनवेळी खड्डा नसला, तर मांडवामागे ढीग लागतो आणि रात्री कुणीतरी तो पेटवून देतं.

चौथी पायरी: माल घेण्याआधी घरी तपासा

नमुन्याचे दहा नग मागा. पैसे द्यावे लागले तरी द्या.

१. कागदी कप किंवा वाटी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी कागद चोळून काढा. हातात पारदर्शक पापुद्रा राहिला, तर आत प्लास्टिक आहे.

२. यंत्रावर दाबलेली पत्रावळ भिजवून थर सोडवा. पान आणि पुठ्ठ्यामध्ये हीच तपासणी.

३. डब्यात तुमचाच पदार्थ, तुम्ही देता तितका गरम, भरा. झाकण लावून तासभर ठेवा, मग पिशवीत घालून दुचाकीवर एक फेरी मारा. वरणाच्या पाण्याने ही परीक्षा होत नाही, मिसळीचा कट किंवा मटणाचा रस्साच घ्या.

४. एक नग तुकडे करून तुमच्या खताच्या ढिगात पुरा, जागेवर तारीख लिहिलेली काडी रोवा, तीन महिन्यांनी उकरून बघा.

जाळून बघण्याचा सल्ला काही जण देतात. नको. धूर तुमच्याच छातीत जातो, आणि कळत फारसं काही नाही.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक-थर्मोकोलच्या एकदाच वापरायच्या ताट-वाट्या, कप, चमचे, पिशव्या यांवर बंदी आली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. देशभरासाठी केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आहे. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागदही तिच्यात येतो, हे बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं.

जुलै २०२२ मध्ये राज्याने आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदी डिश, वाट्या, ग्लास यांनाही बंदी घातली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपोस्टेबल पदार्थांच्या वस्तूंना सवलत मिळाली, पण सिपेट (केंद्र सरकारची पेट्रोकेमिकल तंत्रज्ञान संस्था) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. त्यामुळे मक्याच्या पिशव्या, पीएलएचे चमचे किंवा कंपोस्टेबल अस्तराचे कप घेताना विक्रेत्याकडे त्या उत्पादकाच्या नावाचं प्रमाणपत्र मागा, त्याची प्रत दुकानात ठेवा आणि मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते नाव आहे का, ते स्वतः बघा. पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, मानकाचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव छापलेलं हवं. तपासणीला पथक आलं की "विक्रेत्याने सांगितलं होतं" हे उत्तर चालत नाही, दंडाची पावती तुमच्याच नावाने फाटते. निव्वळ पान, विरी किंवा अस्तर नसलेला लगदा हे प्लास्टिकच नाही, त्यामुळे त्यांना या प्रमाणपत्राची गरज पडत नाही.

आणखी एक. वडापाव, भजी वर्तमानपत्रात बांधणं अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंद केलेलं आहे. शाईतली रसायनं तेलात उतरतात. 'प्लास्टिक नको म्हणून रद्दी वापरतो' हे कारण कितीही चांगल्या मनाने दिलेलं असलं, तरी ते सोडा.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'निसर्गस्नेही' असं म्हणणाऱ्या कंपनीला त्याचा आधार दाखवावा लागतो. पुरावा नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

"आम्ही तर धंद्यासाठी माल घेतला, मग आम्ही ग्राहक कसे?" असं काही वाचक विचारतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल वगळला आहे, पण केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून काम करणाऱ्याला ग्राहक मानलं आहे. घरून डबे करणाऱ्या ताई या व्याख्येत बसू शकतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. त्यासाठी बिल हवं. 'बिलाशिवाय घेतलंत तर दहा टक्के कमी' या आमिषाला बळी पडलात, तर हातात काहीच राहत नाही. बिलावर वस्तूचं नाव, उत्पादक आणि 'कंपोस्टेबल' हा शब्द लिहून घ्या.

ताटल्या-पत्रावळी बनवणाऱ्या बचत गटांसाठी

यंत्र विकणारे "माल आम्हीच परत घेऊ" असं सांगतात. ही बोली स्टॅम्पपेपरवर, भाव आणि नगसंख्येसह लिहून घेतल्याशिवाय कर्ज उचलू नका. कच्चा माल वर्षभर मिळणार का, हे आधी मोजा. विरी ठरावीक महिन्यांत गळते, आणि पावसाळ्यात वाळवायला जागा लागते. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८२६७ हे मानक २०२३ मध्ये खास शेतीच्या उरलेल्या भागांपासून बनणाऱ्या भांड्यांसाठीच आलं आहे. त्यात रसायनं, रेझिन, गोंद यांना मनाई आहे, आणि तुमचा माल मुळातच तसा असतो. ते मानक मागवून घ्या, मोठ्या केटररकडे जाताना त्याचा उल्लेख करा. फक्त परदेशी ऑर्डरच्या भरवशावर धंदा उभा करू नका. अमेरिकेचं दार कसं बंद झालं, ते वर आलंच आहे. जवळचं देवस्थान, मंगल कार्यालय, शाळेचं स्नेहसंमेलन ही गिऱ्हाइकं लहान वाटतात, पण ती पायाखालची आहेत, आणि त्यांच्याकडून परतीच्या टेम्पोत उष्ट्या ताटल्या आणून स्वतःच्याच खड्ड्यात खत करता येतं.

बदल एकदम करू नका

दुकानातला सगळा साठा एका दिवसात बदलायचा घाट घातलात, तर पैसे अडकतील. एक पदार्थ निवडा. पोळी-भाजीपासून सुरुवात सोपी जाते, रश्श्याची भाजी शेवटी ठेवा. पंधरा दिवस तो पदार्थ नव्या पॅकिंगमध्ये द्या आणि वहीत तीन रकाने करा: किती नग गेले, किती गळले, किती गिऱ्हाइकांनी स्वतःचा डबा आणला. तिसऱ्या रकान्यातला आकडा वाढत असेल, तर पुढच्या महिन्याची ऑर्डर तेवढ्याने कमी द्या.